पाठीवरचा चौदावा चौकोन

काच कापणाऱ्या माणसाच्या बोटांवर जुन्या जखमांच्या रेघा असतातच. तिच्या बोटांवर त्या शोधाव्या लागत, आणि याचा तिला फार अभिमान होता. वय बावन्न. सोळाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली तिने काच कापायचा हिरा धरला, आणि वडिलांचा हात थरथरायला लागल्यावर दुकानच अंगावर घेतलं. फोटोंच्या चौकटी, कपाटांची दारं, न्हाणीघरातले आरसे, फुटलेल्या खिडक्यांची तावदानं, जे येईल ते. जाड कापड घातलेल्या टेबलावर काच आडवी करायची, पट्टी लावायची, हिरा एकदाच पण न थांबता ओढायचा आणि दोन्ही हातांनी हलकेच दाब द्यायचा. कडकन आवाज आला की काम फत्ते. आवाज फुसका आला की काच वाकडी गेली, आणि बऱ्याचदा तिच्याबरोबर बोटही.

बोट कापलं की काय करायचं ते वडिलांनी घालून दिलं होतं. नळाखाली हात, मग मलम, मग पट्टी, मग पुढची काच. अँटिबायोटिक मलमाची एक ट्यूब टेबलाच्या खणात आणि एक घरी असायचीच. तिने त्यात आणखी भर घातली. शेजारचा शिंपी सुई टोचली म्हणून बोट चोखताना दिसला की ही ट्यूब घेऊन दारात हजर. समोरच्या सायकलवाल्याचं कोपर सोलवटलं, की त्याने नको म्हणायच्या आत मलम लागलेलं असायचं. सगळे तिला मलमताई म्हणत. तिला ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवत नसे.

आणि मलमावर तिचा एवढा विश्वास बसायला मोठं कारण होतं ते वडिलांचा पाय. शेवटच्या दोन वर्षांत वडिलांच्या घोट्याच्या वर एक जखम झाली. शिरा फुगल्या होत्या, रक्त नीट वर चढत नव्हतं, म्हणून कातडी फुटली आणि भरून येईना. आईवडील दुकानाच्या मागच्याच दोन खोल्यांत राहायचे. ही रोज सकाळी तिथे जायची, पाय मांडीवर घ्यायची, धुवायची, भरपूर मलम लावायची, पट्टी बांधायची आणि मग दुकान उघडायची. वडील कुरकुरायचे, की हे मलम नको, चावतं, आगीसारखं खाजतं. ती त्यांना लहान मुलासारखं दटावायची. औषध झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं तिचं म्हणणं. दीड वर्ष जखम हट्टाला पेटल्यासारखी वाढत गेली आणि मग एकाएकी आकसायला लागली. चार महिन्यांत बंद झाली. पुढे वडील गेले ते हृदयाच्या दुखण्याने, झोपेत, दोन्ही पाय स्वच्छ असताना. ही गोष्ट तिने किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही. प्रत्येक वेळी शेवट एकच असायचा, की चिकाटीने मलम लावलं म्हणून पाय वाचला.

वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा तिच्या स्वतःच्या हाताला सुरुवात झाली.

डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक साधा काप गेला होता, नखाएवढा. नेहमीप्रमाणे मलम लावलं. तिसऱ्या दिवशी बोट लाल झालं आणि खाजायला लागलं. तिने आणखी मलम लावलं. आठवड्याभरात बारीक बारीक फोड आले, ते फुटून पाणी यायला लागलं, आणि लाली शेजारच्या बोटांवर चढली. महिन्याभरात दोन्ही हातांची दशा अशी झाली, की बोटं मुडपली तर सांध्यांवरची कातडी चिरायची. पट्टी कातडीला चिकटायची. हिरा धरला तर हात कळवळून उठायचा, न धरला तर दुकान बंद.

संशय सगळ्यांवर घेऊन झाला. साबण बदलला. हिऱ्याला लावायचं रॉकेल बंद केलं. आरशामागच्या रंगावर खापर फोडलं, मग चौकटी चिकटवायच्या डिंकावर. अंडी सोडली, आंबट सोडलं. रबरी मोजे घालून बघितले, तर मोज्यांतून काच निसटली आणि पायाच्या अंगठ्यावरून बोटभर अंतरावर फुटली. ज्या औषधवाल्याकडून ती ट्यूब घ्यायची त्याने दुसरं मलम दिलं. त्याने भागेना म्हणून तिसरं दिलं, जरा जास्त जोरकस म्हणून. प्रत्येक नव्या मलमाने दोन दिवस थंड वाटायचं आणि मग हात पेटायचे.

खाजेपेक्षा जास्त लागलं ते लोकांचं वागणं. एक बाई बाळाच्या पावलांच्या ठशांची चौकट घ्यायला आली होती. मलमताईने कागदात गुंडाळून पुढे केली, तर बाईची नजर तिच्या हातांवर गेली आणि तिने चौकट रुमालात धरून घेतली. काही बोलली नाही, उलट हसलीही. पण बाई गेल्यावर मलमताईने दोन्ही हात टेबलावरच्या कापडावर ठेवले आणि नीट बघितले. इतकी वर्षं या हातांनी घराघरांत काच बसवली होती, आणि आज कुणाला ते हात आपल्या वस्तूला लागायला नको होते.

नवऱ्याने शेवटी हट्ट धरला. तो छापखान्यात प्रूफं तपासायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने गोल करण्यात गेलेला माणूस, स्वभावाने शांत, पण एखादी चूक सापडत नसली की त्याला चैन पडत नसे. तो म्हणाला, आपण अंदाज बांधतोय, तपासत नाही आहोत. आणि तिला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई वयाने तिच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी हात उलटसुलट करून बघितले, काय काय लावता ते लिहून घेतलं आणि पाठीवर चाचणी करायची ठरवली. पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या. प्रत्येक पट्टीत छोटे छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात एकेका पदार्थाचा कणभर अंश. रबर, रंग, डिंक, वास, धातू, औषधं. बाजूला पाठीवर काळ्या शाईने आकडे घातले, आणि कुठल्या आकड्याला कुठला पदार्थ त्याची यादी तिला दिली. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. हे ऐकून काचवालीच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते दोन दिवस नवऱ्याने रजा काढून काचा उचलल्या आणि संध्याकाळी कंबर धरून कबूल केलं, की प्रूफं तपासणं बरं.

दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या. डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली पाठ बघितली. जवळजवळ कोरी होती. एका जागी किंचित गुलाबी, पण ते पट्टी ओढल्यामुळेही असेल, असं त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी पुन्हा या, काही गोष्टी उशिरा उठतात, असंही म्हणाल्या, पण ते तिने ऐकून सोडून दिलं. घरी येताना तिने एकच अर्थ काढला. चाचणीत काही सापडलं नाही, म्हणजे तो पदार्थ त्यांच्या यादीतच नव्हता. म्हणजे काचच. आणि काच सोडायची म्हणजे तिने काय करायचं होतं?

दुसऱ्याच दिवशी दुपारी दुकानात खिडकीचं तावदान मोजताना तिच्या पाठीत, उजव्या खांद्याच्या खाली, एकाच जागी खाज उठली. साधी खाज नाही. कुणीतरी तिथे निखारा टेकवून धरावा तशी. तिने पाठ दाराच्या चौकटीला घासली, पट्टीचं टोक मागे घातलं, काही होईना. नवरा त्या दिवशी लवकर आला होता. ती त्याला मागच्या रिकाम्या खोलीत घेऊन गेली आणि झंपर वर करून म्हणाली, काय आहे ते बघा.

त्याने तिला खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"अहो, काय आहे?"

"मोठ्या नाण्याएवढं लाल झालंय. सुजलंय. वर फोड आहेत, तुझ्या बोटांवर येतात तसलेच."

"कुठला आकडा?"

त्याने चष्मा पुसला आणि नाक पाठीला लागेल इतका वाकला. शाई पुसट झाली होती. "चौदा," तो म्हणाला. मग, सवयीने, शेजारचे तेरा आणि पंधरा वाचून खात्री केली. "चौदाच."

यादी तिच्या पिशवीत होती. तिने स्वतः उघडली. तिला वाटलं होतं रबर असेल, नाहीतर रंग. चौदासमोर लिहिलं होतं, निओमायसिन. तिने हा शब्द कधी ऐकलाही नव्हता. हा कुठला रंग, असं तिने नवऱ्याला विचारलंसुद्धा.

नवरा दुकानात गेला आणि टेबलाच्या खणातून ट्यूब घेऊन आला. मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत मजकूर होता, तो त्याने उजेडात धरून वाचला. मग त्याने पिशवीतली दुसरी ट्यूब मागितली, मग तिसरी. तिन्ही ओळीने कॉटवर ठेवल्या. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. त्याने खिशातली लाल पेन्सिल काढली आणि तिन्ही ट्यूबांवर एकेक गोल काढला. तिन्ही गोलांत तोच शब्द होता.

ती कॉटवर बसली ती ट्यूबांवरच बसली असती, नवऱ्याने हात धरला म्हणून वाचली. कुणी आपल्या सख्ख्या बहिणीचं नाव चोरीत घ्यावं तसं तिला झालं. तिने पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला, की नीट वाचलंत ना, आणि त्याने प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे सांगितलं, की हो, वाचलं. काच नव्हती, रॉकेल नव्हतं, अंडी नव्हती. चार महिने जे तिला जाळत होतं, ते ती स्वतःच्या हाताने, दिवसातून तीनदा, बरं व्हायचं म्हणून लावत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पाठ बघितली आणि तेच सांगितलं. हे औषध बहुतेकांना चालतं. पण ज्यांच्या फुटक्या कातडीवर ते वर्षानुवर्षं लागतं, त्यांतल्या काहींचं शरीर त्याच्यावर उलटतं, आणि एकदा उलटलं की बहुधा जन्मभर उलटंच राहतं. याच्या जवळची काही औषधंही तिला चालणार नाहीत, डोळ्यांत आणि कानांत घालायचे काही थेंबही. त्यांनी एका जाड कागदावर त्या औषधांची नावं लिहून दिली आणि हा कागद पाकिटात ठेवायला सांगितलं.

मग त्या सहज म्हणाल्या, "पायाच्या जुन्या जखमांवर हे मलम लावणाऱ्यांमध्ये हे फार दिसतं. जखम भरत नाही म्हणून मलम वाढवतात, आणि मलमामुळे जखम भरत नाही."

तिने वडिलांचा पाय सांगितला. दीड वर्ष. रोज सकाळी. चावतं, खाजतं म्हणायचे, तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. आता काहीच सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. ही ॲलर्जी बापाकडून लेकीकडे येते असंही नाही, त्यांना असेलच असं नाही, आणि पुढे जखम बरी झाली म्हणता, मग कदाचित नसेलही. बोलताना त्या तिच्याकडे न बघता यादीकडे बघत होत्या, हे तिच्या लक्षात आलं.

ती थेट आईकडे गेली. आई ऐंशीच्या घरात होती, कानाने तिखट, मागच्या खोलीत खिडकीशी बसून शिंप्याकडची बटणं लावून द्यायची. लेकीने सगळं सांगितलं. पाठ, चौदा, तिन्ही ट्यूबा. मग ती वडिलांच्या पायावर आली. मी दीड वर्ष त्यांना जाळलं, ते सांगत होते आणि मी त्यांनाच दटावत होते, असं ती म्हणाली.

आईने हातातलं बटण पुरतं लावलं, दोरा तोडला आणि सुई उशीला टोचली.

"दीड वर्षच," आई म्हणाली. "पुढे नाही."

"म्हणजे?"

"पुढचे चार महिने ते मलम पुसून टाकायचे. तू दुकान उघडायला गेलीस की पट्टी सोडायची, कोमट पाण्याने पाय धुवायचा, कोरडा करायचा, साधं स्वच्छ फडकं बांधायचं. वर तुझीच पट्टी पुन्हा तशीच गुंडाळायची, तुला कळू नये म्हणून. पाणी मीच तापवून द्यायचे."

पाय त्या चार महिन्यांतच बरा झाला होता. तिने साऱ्या जगाला सांगितलेली गोष्ट, चिकाटी, मलम, वाचलेला पाय, सगळी तिच्या डोळ्यांदेखत उलटी झाली. ते सकाळी पाय तिच्या मांडीवर ठेवून मुकाट्याने मलम लावून घ्यायचे, आणि तिला वाटायचं, शेवटी पटलं त्यांना.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं सांगू या. ते नको म्हणाले. म्हणाले, ती रोज एवढी येते, जमिनीवर बसते, पाय मांडीवर घेते. त्यात तिचा अर्धा तास माझ्याजवळ जातो. सांगितलं तर यायची नाही." आई थोडी थांबली. "आणि तू रागावायचीस गं. तुझ्या रागाला ते भ्यायचे."

पन्नास वर्षं उघड्या काचा अंगाखांद्यावर वागवलेला माणूस तिला भ्यायचा. तिला हसू यावं की रडू, ते कळेना, आणि दोन्ही आलं नाही. ती आईवर चिडली. एवढी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस, म्हणाली. लोकांना मी ती गोष्ट सांगायचे तेव्हा तू तिथेच बसलेली असायचीस, म्हणाली. आई म्हणाली, हो, असायचे. तू छान सांगायचीस.

त्यानंतर ती चार दिवस आईशी धड बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने विचारलं, पाणी किती कोमट असायचं. आईने सांगितलं, कोपर बुडवून बघायचे तेवढं.

मलम बंद झाल्यावर तीन आठवड्यांत हात उतरले. पाणी थांबलं, कातडी सुकून सालपटं गेली, खाली नवी गुलाबी कातडी आली. ती शिंप्याकडे आणि सायकलवाल्याकडे गेली आणि सांगितलं, की वडिलांच्या पायाची जी गोष्ट सांगायचे ती खोटी होती, मला माहीत नव्हतं. सायकलवाला गोंधळून हो म्हणाला. त्याला गोष्ट आठवत नव्हती. शिंपी म्हणाला, मग आता तुला मलमताई म्हणायचं की नाही? तिने नको म्हणून सांगितलं, पण लोकांच्या तोंडात बसलेलं नाव निघत नाही. अजूनही म्हणतात.

जगणं मात्र बदललं. खोकल्याच्या गोळीपासून ओठाच्या मलमापर्यंत काहीही घरात आलं, की आधी नवऱ्याच्या चष्म्याखालून जायचं. तो भिंगही वापरायला लागला. एकदा तिच्या कानाच्या मागे आणि गालावर लाल चट्टे उठले. तिने काहीच लावलं नव्हतं, त्यामुळे दोघांचंही धाबं दणाणलं. शोधता शोधता कळलं, की नवऱ्याचा कान दुखत होता, त्याने कानात थेंब घातले होते आणि दोघं एकाच उशीवर डोकं टेकत होती. घरातलं एकेक अक्षर तपासणाऱ्या माणसाने स्वतःची बाटली तेवढी वाचली नव्हती. तो इतका ओशाळला, की आठवडाभर वेगळ्या उशीवर नव्हे, वेगळ्या खोलीत झोपला.

आणि मग गेल्या वर्षी न्हाणीघराचा एक उंच आरसा उतरवताना मध्येच तडकला. खालचा तुकडा तिच्या हातातून सरकला तो उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल उतरून गेला. आधी दुखलंच नाही. पांढरं काहीतरी दिसलं आणि मग रक्त. शिंप्याने नव्या कापडाचा तागा ओढून हात गुंडाळला आणि सायकलवाल्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे परिचारिकेने कापड सोडलं, जखम धुतली आणि टाक्यांची तयारी होईपर्यंत झाकायला म्हणून जाळीदार पट्टीवर पिवळसर मलम पिळलं. वळवळतं, चकचकीत, तिच्या ओळखीचं.

तिने हात मागे ओढला. इतक्या जोराने, की रक्ताचे थेंब भिंतीवर उडाले.

"ते नको," ती म्हणाली. "कुठलं आहे ते आधी वाचा."

परिचारिकेला वाटलं, बाई घाबरली. ती समजुतीच्या सुरात सांगायला लागली, की हे साधं मलम आहे, सगळ्यांना लावतो, दुखणार नाही. मलमताईने तो सूर ओळखला. तो तिचाच होता. सकाळी जमिनीवर बसून, पाय मांडीवर घेऊन, ती नेमकं असंच बोलायची.

मग तिने डाव्या हाताने पाकीट काढून सायकलवाल्याकडे दिलं आणि आतला जाड कागद दाखवायला सांगितलं. परिचारिकेने कागद वाचला, ट्यूब उलटी केली, डोळे बारीक केले. मग तिने ती जाळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. लोक सुईला घाबरतात, मलमाला घाबरणारं माणूस पहिल्यांदा बघितलं, एवढंच म्हणाली.

जखम मिठाच्या पाण्याने पुन्हा धुतली, सात टाके घातले. वर औषध नसलेली साधी पेट्रोलियम जेली आणि कोरडी पट्टी. अकराव्या दिवशी टाके काढले तेव्हा तिथे एक सरळ, बारीक, फिकट रेघ होती. ना लाली, ना खाज, ना पाणी. ती त्या रेघेकडे अविश्वासाने बघत राहिली. छत्तीस वर्षं ती समजत होती, की जखम मलम भरतं.

अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. हिरा आता ती अंगठ्याऐवजी दोन बोटांच्या बेचक्यात धरते, आणि रेघ ओढायला पूर्वीपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो.